प्लेथोरा: ‘भरपूर’ की ‘नको इतकं’?

शब्दखोर

‘प्लेथोरा’ या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ कोशांत शेजारीशेजारी दिसतात. एक नुसता ‘पुष्कळ’, दुसरा ‘गरजेपेक्षा जास्त, आवरणार नाही इतकं’. मराठीत आणताना दोन्ही एका शब्दात मावत नाहीत. ‘अ प्लेथोरा ऑफ ऑप्शन्स’चं ‘पर्यायांची रेलचेल’ केलं की कौतुक होतं, ‘पर्यायांचा सुळसुळाट’ केलं की वैताग. लिहिणाऱ्याला यातलं काय अभिप्रेत आहे हे ओळखायचं कसं? शिवाय उच्चार आणि क्रियापदाचं वचन, हेही घोळ आहेतच. जाणकारांनी लिहावं.

कोशकीटक

मुळापासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथूनच आला आहे.

ग्रीकमध्ये ‘प्लेथेइन’ म्हणजे भरलेलं असणं. त्यावरून ‘प्लेथोरे’, म्हणजे भरलेपणा. तिथून शब्द लॅटिनमध्ये गेला आणि सोळाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजीत उतरला. उतरला तो वैद्यांच्या पिशवीतून. अर्थ एकच होता: शरीरात रक्त किंवा इतर द्रव प्रमाणाबाहेर साठणं. म्हणजे हा संख्यावाचक शब्दच नव्हता, रोगाचं नाव होतं. ‘कशाचाही अतिरेक’ हा लाक्षणिक अर्थ त्यानंतर दीडेकशे वर्षांनी, १७०० च्या आसपास रुळला. नुसतं ‘पुष्कळ’ हा अर्थ त्याहून अलीकडचा.

आता मजेचा भाग. या शब्दाचा इंडो-युरोपीय धातू ‘भरणे’ या अर्थाचा आहे आणि त्याचंच संस्कृत रूप ‘पॄ’. त्यावरून पूर्ण, पूर, पूरण. लॅटिनमधून आलेले प्लस, प्लुरल, कम्प्लीट, प्लेंटी आणि खास इंग्रजी ‘फुल’ हेही त्याच घरातले. ग्रीक ‘पॉली’ म्हणजे आपलं वैदिक ‘पुरु’. म्हणून ‘प्लेथोरा’ला ‘भरपूर’ म्हटलं की नकळत चुलतभावाला हाक जाते. पण त्याच घरातून ‘पुरेसा’ही आला आणि ‘महापूर’ही. तिन्ही सख्खे आणि तिघांच्या अर्थांत जमीन-अस्मानाचं अंतर. तेव्हा नुसत्या व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवायला जाऊ नये, एवढं या उदाहरणावरूनच दिसतं.

तिरकस

म्हणजे मुळात हा आजार. बरं झालं कळलं. आता कुणी ‘वी ऑफर अ प्लेथोरा ऑफ सर्व्हिसेस’ असं लिहिलं की आधी डॉक्टरचा पत्ता देतो.

नाडीपाहणी

तिरकस, चेष्टा बाजूला ठेवली तरी वैद्यकात हा शब्द आजही जिवंत आहे आणि तिथे तो अजिबात सैल नाही. म्हणून थोडं सविस्तर.

जुना भाग आधी. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य एरासिस्ट्राटस याच्या मते रोगाचं मोठं कारण म्हणजे शिरांमध्ये रक्त जास्त होणं. ते शिरांत मावेनासं झालं की धमन्यांत शिरतं आणि ताप, दाह सुरू होतो. धमन्यांत रक्त नसून हवेसारखं प्राणतत्त्व असतं, अशी त्याची समजूत होती. उपाय म्हणून तो लंघन सांगे, रक्त काढण्याच्या फारसा बाजूने नव्हता. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी गॅलन या वैद्याने या मताला कडाडून विरोध केला आणि रक्तमोक्षणाचा पुरस्कार केला. पुढे युरोपात शतकानुशतकं ‘प्लेथोरा आहे, शीर कापा’ हा रिवाज राहिला, तो मुख्यतः गॅलनच्या वजनामुळे.

आज हा शब्द प्रामुख्याने तीन ठिकाणी येतो.

चेहऱ्याचा प्लेथोरा: चेहरा कायम लालबुंद, भरल्यासारखा दिसणं. कुशिंग सिंड्रोममध्ये (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त) हे ठळक लक्षण. पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये (तांबड्या पेशींची बेसुमार वाढ) तसंच. छातीतली वरची महाशीर दबली तरीही चेहरा असाच दिसतो. लाजेने किंवा उन्हाने येणारी लाली येते आणि ओसरते, ही ओसरत नाही. तपासताना हाच फरक पाहायचा.

छातीच्या एक्स-रेवरचा प्लेथोरा: हृदयाच्या पडद्याला छिद्र असलं किंवा जन्मानंतर बंद व्हायची नळी उघडी राहिली, की डावीकडचं रक्त उजवीकडे जातं आणि फुप्फुसांत जास्त रक्त वाहू लागतं. चित्रात फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड दिसतात आणि पार कडेपर्यंत दिसत राहतात. याच्या उलट अवस्थेला ओलिगीमिया म्हणतात. फॅलोच्या चतुष्कात (हृदयातला एक जन्मजात दोष) ती दिसते.

नवजात बाळ ‘प्लेथोरिक’ असणं: शिरेतल्या रक्ताचं हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला हिस्सा) ६५ टक्क्यांच्या वर असलं की पॉलिसायथेमिया धरतात. एकच वार असलेल्या जुळ्यांत कधीकधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे जातं. तेव्हा देणारं बाळ पांढरंफटक आणि घेणारं लालभडक जन्मतं.

आणि गॅलन पुरता हरलेला नाही बरं का. पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये आजही रक्त काढणं हा पहिल्या फळीचा उपचार आहे. प्रौढांत एका वेळी साधारण ४५० ते ५०० मि.ली., आणि हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचं. फरक इतकाच की आता आधी मोजतात.

मुद्दा हा की वैद्यकीय मजकुरात ‘प्लेथोरा’ दिसला की ‘विपुलता’ लिहू नये. वाक्यानुसार ‘रक्ताधिक्य’, ‘चेहऱ्यावरची कायमची लाली’, ‘फुप्फुसांतला वाढलेला रक्तप्रवाह’ असं सोडवून लिहावं.

शब्दखोर

आभार! आयसीयूत मॉनिटरवरच्या एका लाटेला ‘प्लेथ’ म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

नाडीपाहणी

धातू तोच, शब्द वेगळा. ‘प्लेथिस्मॉस’ म्हणजे वाढ. त्यावरून प्लेथिस्मोग्राफ, अवयवाचं आकारमान किती कमीजास्त होतं ते टिपणारं यंत्र. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रत्येक ठोक्यागणिक बोटात येणाऱ्या रक्ताने प्रकाश किती शोषला हे मोजतो. त्याची लाट म्हणजे फोटोप्लेथिस्मोग्राम, लाडाने ‘प्लेथ’. त्यात अतिरेक वगैरे काही नाही. उलट ती सपाट झाली की आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो: क्लिप सरकली असेल, बोट गार पडलं असेल किंवा रुग्ण हलत असेल.

मुद्रितशोधक

उच्चार आणि व्याकरण माझ्याकडे.

आपल्याकडे सर्रास ‘प्ले-थो-रा’ म्हणतात, ‘थो’वर जोर देऊन. इंग्रजीत आघात पहिल्या अक्षरावर आहे आणि मधला स्वर जवळजवळ गिळलेला, म्हणजे ‘प्लेथरा’च्या जवळचा उच्चार. ‘प्ले’मधला ए ऱ्हस्व, ‘पेन’मधल्यासारखा, खेळायचा ‘प्ले’ नव्हे. ‘थ’ जिभेचं टोक दातांमध्ये हलकं धरून हवा सोडत, आपल्या थव्यातला महाप्राण थ नाही. विशेषण ‘प्लेथोरिक’, त्यात बहुधा दुसऱ्या अक्षरावर जोर. देवनागरीत मात्र ‘प्लेथोरा’च लिहावं. तेच रुळलंय, आणि ‘प्लेथरा’ लिहिलं तर वाचणारा छपाईची चूक समजेल.

वचन: ‘अ प्लेथोरा ऑफ रीझन्स’नंतर ‘इज’ की ‘आर’? साधारण ‘अ नंबर ऑफ’सारखं, पण जरा सैल. डोळ्यासमोर सुटीसुटी कारणं असतील तर ‘आर’. गठ्ठा म्हणून बोलायचं असेल तर ‘इज’. ‘द प्लेथोरा ऑफ रीझन्स’ असं ‘द’ लावून आलं की बोलणं त्या ढिगाबद्दल असतं, तिथे ‘इज’ जास्त बरं. अनेकवचन ‘प्लेथोराज’ व्याकरणाने बरोबर, पण लागतंय कुणाला?

नेहमीच्या चुका:

‘प्लेथोरा ऑप्शन्स’. ‘ऑफ’ गाळलेलं. हे नाम आहे, विशेषण नाही. ‘मिरियड’ दोन्ही प्रकारे चालतं (मिरियड ऑप्शन्स, अ मिरियड ऑफ ऑप्शन्स), त्याच्या सवयीने ही चूक होते.

‘अ ह्यूज प्लेथोरा’, ‘एक्सेसिव्ह प्लेथोरा’. पिवळा पीतांबर.

तीन-चार गोष्टींना प्लेथोरा म्हणणं. नक्की आकडा कुणी ठरवलेला नाही, पण वाचणाऱ्याला सहज मोजता आलं तर तो प्लेथोरा नाही.

‘प्लेथोरा ऑफ एक्स्पीरियन्स’. अर्जांमध्ये हे फार. अनुभव सुट्या नगांत येत नाही. तिथे ‘वेल्थ ऑफ एक्स्पीरियन्स’ हवं. ‘प्लेथोरा’ला मोजता येणारी, अनेकवचनी नामं आवडतात. ‘इन्फर्मेशन’ला सवलत मिळाली आहे, तेवढी पाण्याला किंवा धैर्याला नाही.

ताठकणा

वरच्या सगळ्या पोस्टी वाचून एकच म्हणतो: ‘पुष्कळ’ या अर्थाने हा शब्द वापरणं चूक आहे. इंग्रजीत पुष्कळ म्हणायला दोन डझन शब्द आहेत. ‘पुष्कळ, आणि ते त्रासाचं’ असं एका दमात सांगणारे मोजके. त्यातलाही एक सपाट केला तर भाषेचं नुकसान आहे.

कोशकीटक

ताठकणा, नुकसान मान्य, ‘चूक’ अमान्य. मेरियम-वेबस्टर आधी ‘अतिरेक’ देतं आणि त्यालाच जोडून ‘विपुलता’. ऑक्सफर्डच्या कोशात ‘मोठं किंवा प्रमाणाबाहेरचं’ असा ‘किंवा’ आहे. आज छापून येणाऱ्या इंग्रजीत तक्रारीशिवायचा वापर इतका आहे की वाचकाला नुसत्या शब्दावरून तक्रार ऐकूच येत नाही. तुम्ही लिहिताना जुना अर्थ पाळा, हरकत नाही. पण अनुवाद करताना लेखकाचा अर्थ पाळावा लागतो, तुमचा नाही.

ताठकणा

ठीक. पण मग जुन्या मजकुराला आजचा अर्थ लावू नये, हेही लिहून ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या अर्थशास्त्रात ‘प्लेथोरा ऑफ कॅपिटल’ येतं. मार्क्सच्या ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात (१८९४, एंगल्सने संपादित केलेला) जर्मनमध्येही हाच शब्द आहे. तिथे भांडवल पुष्कळ आहे, छान आहे, असा अर्थ नाही. नफ्याचा दर घसरतोय आणि तो घाटा भरून निघेल एवढा आकार नसलेलं भांडवल फिरतंय, वाट शोधतंय, असा अर्थ आहे. रक्त तुंबण्याची प्रतिमा जशीच्या तशी. ‘भांडवलाची विपुलता’ लिहिलं की सगळा मुद्दाच गेला. ‘भांडवलाची तुंबळ’ म्हणता आलं असतं, पण तुंबळ म्हणजे वेगळंच. ‘भांडवल तुंबणे’ म्हणावं.

कोशकीटक

हे शंभर टक्के. ‘तुंबणे’ झकास.

ओझेवाहक अनुवादक

आता मूळ प्रश्नाकडे. रोजच्या कामात ही पद्धत चालते.

आधी ‘प्लेथोरा’च्या जागी ‘टू मेनी’ घालून वाक्य वाचा. मग ‘अ लॉट ऑफ’ घालून वाचा. पुढच्या-मागच्या वाक्यांशी कोणतं जुळतं ते पाहा. शेजारी ‘कन्फ्यूजिंग’, ‘ओव्हरव्हेल्म’, ‘यट’, ‘बट’, ‘सॉर्ट थ्रू’ असं काही असेल तर तक्रार आहे. ‘ऑफर’, ‘एन्जॉय’, ‘चूज फ्रॉम’ असेल तर जाहिरात आहे. दोन्ही नसेल तर लेखकाने नुसता वजनदार शब्द घातला आहे. तिथे ‘अनेक’ लिहून पुढे जावं. निम्म्याहून जास्त वेळा हेच करावं लागतं.

तक्रार ठरली की मग खरं काम. मराठीत एक शब्द नाही म्हणून रडायचं कारण नाही, उलट पंधरा आहेत. प्रत्येकाचं जागेचं बंधन मात्र कडक:

*सुळसुळाट*: मुळात सरपटणाऱ्या, इकडून तिकडे पळणाऱ्या जिवांचा. म्हणून उपद्रवी आणि हाताला न लागणाऱ्या गोष्टींना: भामट्यांचा, बनावट खात्यांचा. पुस्तकांचा सुळसुळाट होत नाही.

*पेव फुटणे*: पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. ते फुटलं की आतलं सगळं एकदम बाहेर. म्हणून थोड्या काळात अचानक उगवलेल्या गोष्टींना: ॲपचं पेव, वाहिन्यांचं पेव. वर्षानुवर्षं पुष्कळ असलेल्या गोष्टीला लावू नये. शब्दयोगही सांभाळा, ‘ॲपचं पेव फुटलं’, ‘ॲपना पेव फुटलं’ नाही.

*ऊत येणे*: उतू जाण्यातला. इथे मात्र चतुर्थी, ‘अफवांना ऊत आला’. वस्तूंना येत नाही, कृतींना आणि बोलण्याला येतो.

*उधाण येणे*: हीदेखील चतुर्थी, पण हे समुद्राचं, म्हणून ओसरणार हे गृहीत. चर्चेला, उत्साहाला. वाईटच असेल असं नाही.

*भडिमार*: कुणावर तरी व्हावा लागतो. सोसणारा नसेल तर भडिमार नाही. ‘नोटिफिकेशनचा भडिमार’ उत्तम.

*खच*: जमिनीवर पडलेल्या निर्जीव वस्तूंचाच.

*बजबजपुरी*: संख्या आणि अव्यवस्था दोन्ही असतील तरच.

*भाऊगर्दी*: माणसांची, फार तर उमेदवारांची नि संस्थांची.

*अजीर्ण*: घेणाऱ्याच्या बाजूने. माहितीचं अजीर्ण.

कौतुकाच्या बाजूला रेलचेल, लयलूट, चंगळ, मांदियाळी, खजिना. यातही लयलूट देण्याघेण्याची (पदकांची, सवलतींची), मांदियाळी माणसांची.

एक वाक्य करून दाखवतो. ‘देअर इज अ प्लेथोरा ऑफ स्टँडर्ड्स, यट नन इज फॉलोड.’

पहिला मसुदा: ‘मानकांची विपुलता आहे, तरीही एकाचेही पालन होत नाही.’ अर्थ बरोबर, वाक्य मेलेलं. ‘विपुलता आहे’ असं कुणी बोलत नाही.

दुसरा: ‘मानकांचा सुळसुळाट झाला आहे, पण पाळत कुणी नाही.’ जिवंत आहे, पण मानकं उंदरासारखी उपद्रवी झाली. लेखकाचा राग मानकांवर नाही, न पाळणाऱ्यांवर आहे.

तिसरा: ‘मानकं ढिगानं आहेत, पाळत मात्र एकही नाही.’ इथे ‘पाळत नाही’ला कर्ताच नाही, ‘एकही’ लोंबकळलं.

चौथा: ‘मानकांना तोटा नाही, पाळलं मात्र एकही जात नाही.’ हे ठेवावं. ‘तोटा नाही’त पुष्कळही आलं आणि किंचित खोचही. मजकूर अनौपचारिक असेल तर आपली म्हण आहेच, एक ना धड भाराभर चिंध्या.

तिरकस

‘तोटा नाही’ला माझं मत. नकार देऊन ढीग दाखवणं ही खास मराठी खोड. उणीव नाही, वानवा नाही, कमी नाही.

ओझेवाहक अनुवादक

वानवा सांभाळून. ‘वानवा’ म्हणजेच टंचाई. ‘चांगल्या शब्दांची वानवा नाही’ बरोबर, पण ‘वानवा आहे’ हे ‘भरपूर आहे’ अशा अर्थाने लिहिलेलं छापून येतं. थेट उलटा अर्थ.

शब्दखोर

ग्लट, सर्फीट, स्पेट हे प्लेथोराच्या जागी चालतात का?

कोशकीटक

सरसकट नाही. थोडक्यात:

‘ग्लट’ बाजाराचा. पुरवठा मागणीहून जास्त, भाव खाली. लॅटिनमधल्या ‘गिळणे’वरून, ‘ग्लटन’ म्हणजे खादाड त्याचाच नातलग. सबंध अर्थव्यवस्थेतच ग्लट होऊ शकतो की नाही, यावर माल्थस आणि रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञांचा १८२० च्या सुमाराचा वाद प्रसिद्ध आहे. माल्थस म्हणे होतो, रिकार्डो म्हणे नाही. मराठीत ‘मालाची तुंब’ किंवा ‘अतिपुरवठा’.

‘सर्फीट’ जुन्या फ्रेंचमधून, ‘प्रमाणाबाहेर करणे’. यात शिसारी येईपर्यंत घेतलेलं असतं. इंग्लंडचा पहिला हेन्री ११३५ मध्ये लॅम्प्री माशांच्या सर्फीटने गेला, असं आजही सांगतात. अजीर्ण हा अगदी नेमका प्रतिशब्द.

‘स्पेट’ मुळात स्कॉटिश, नदीचा लोंढा. आज एकापाठोपाठ एक घडणाऱ्या, बहुतेक वाईट घटनांना: चोऱ्यांचं सत्र. वस्तूंना लागत नाही.

‘मिरियड’ ग्रीकमध्ये नेमके दहा हजार, आता अगणित. तक्रार नाही.

पाणी कुठेकुठे लपलंय पाहा: ‘अबंडन्स’ आणि ‘रिडंडंट’मध्ये लॅटिन ‘उंडा’, म्हणजे लाट, ‘सुपरफ्लुअस’ म्हणजे वरून वाहून जाणारं, ‘प्रोफ्यूजन’ म्हणजे ओतणं. आपल्याकडेही पूर, लोंढा, उधाण, ऊत. पेव एकटं धान्याचं.

मुद्रितशोधक

आणि खच पाचोळ्याचा. ओझेवाहक, तुमच्या यादीत एक दुरुस्ती: ‘शब्दयोग’ नाही, तिथे ‘विभक्ती’ हवं. पेव फुटायला षष्ठी, ऊत यायला चतुर्थी. ‘ॲपना पेव फुटलं’ हे मात्र अलीकडे दिसतं, ‘पाय फुटले’च्या धर्तीवर. मी अजून तरी ते कापतो.

ओझेवाहक अनुवादक

विभक्तीच, बरोबर. संपादनाची मुदत गेली, वरचं तसंच राहू दे. वाचणाऱ्यांनी सुधारून वाचावं.